वेगळा गडवा

आमच्या अंगणात बोरिंग होती आणि आईला तिचा फार अभिमान होता. गावात पाणी म्हणजे खालच्या आंब्याजवळची जुनी विहीर, नाहीतर उन्हाळ्यात बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाला उकरलेला झिरा. बायका डोक्यावर पाण्याचे हंडे, आमच्याकडचे गुंड, एकावर एक ठेवून चढ चढायच्या आणि आमच्या अंगणाकडे बघत बघत जायच्या. बाबांनी बोरिंग मारून घेतली तेव्हा मी रांगत होते. खडक फोडून फोडून मशीन इतकी खोल गेली की आजूबाजूच्या गावचे लोक बघायला आले होते, असं आई सांगायची. पाणी काचेसारखं यायचं. पावसाळ्यात सगळ्या गावाचं पाणी चहासारखं व्हायचं, आमचं नाही. पहाटे अंथरुणात असतानाच हापशाच्या दांड्याचा आवाज यायचा, वर जाताना किर्र आणि खाली येताना खट्ट, आणि मग गुंडात पडणाऱ्या पाण्याचा आवाज, आधी पोकळ आणि हळूहळू भरीव होत जाणारा. कुणी पाहुणा आला की आई चहाआधी गडवाभर, म्हणजे लहान तांब्याभर, पाणी द्यायची आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची. त्याने काही म्हटलं नाही तर स्वतःच म्हणायची, "घरचंच हाय. खडकातलं."

आईचं घर म्हणजे स्वच्छ घर. ओसरी, स्वयंपाकघर, देवाची खोली, सगळं तिच्या हाताने सारवलेलं. चुलीवर सकाळी तांदळाच्या पिठाचे आकसे, दुपारी भात आणि लाखोळीचं वरण, जवसाची चटणी. जेवणाआधी हात, पाय, तोंड, सगळं बोरिंगवर. आम्ही दोघी बहिणी. सुमी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. रोज सकाळी आई आम्हाला बोरिंगजवळच्या दगडावर बसवून करंजाची काडी द्यायची आणि काडीचा कुंचा होईपर्यंत चावायला लावायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्यावर एकच आरोप होता, की ही पोरगी दात घासत नाही.

माझे दुधाचे दात पांढरेशुभ्र होते. आईसुद्धा हे नाकारत नाही. ते पडायला लागले तेव्हा प्रत्येक दात आम्ही धानाच्या कोठीमागच्या उंदराच्या बिळात टाकला, कारण उंदीर तुमचा दात घेतो आणि त्याच्यासारखा बारीक, पक्का दात देतो, असं सगळ्यांचं म्हणणं. मला उंदराने जे दिलं ते खडूसारखं होतं. चमक नसलेलं, वर आडव्या पांढऱ्या रेघा, जणू कुणी चुन्याचं बोट ओढलं. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, पांढरं ते पांढरं. वर्षभरात त्या रेघा पिवळ्या झाल्या, मग तपकिरी. मधल्या दोन दातांवर तर गंजलेल्या पत्र्याचा असतो तसा पट्टाच उमटला आणि त्यात बारीक खड्डे पडले. आता आईने बघितलं.

आमच्याकडे बऱ्याच म्हाताऱ्या बाया गुडाखू घासतात. गुळात कालवलेला तंबाखू, छोट्या डबीत मिळतो, बोटावर घेऊन हिरड्यांना चोळत बसायचं. त्यांचे दात तसेच होतात, काळे तपकिरी. शेजारची शेवंताकाकी तर डबी कमरेलाच खोचून फिरायची. आईला गुडाखूचा भारी राग. तिने माझा जबडा धरून उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "खरं सांग. शेवंताच्या डबीतला घासते ना तू?"

"नाही व माय."

"मंग हे का आपोआप झालं?"

आपोआपच झालं होतं, पण आपोआप असं काही होतं हे कसं सांगायचं? मी गप्प राहणारी मुलगी. घरात कुणी मोठ्याने बोललं तरी माझा आवाज आत जायचा. आईने त्या गप्प राहण्याचा अर्थ तिला हवा तो लावला. माझी उशी, माझी फडकी, गोठ्यातले कोनाडे, सगळीकडे तिने डबी शोधली. डबी सापडली नाही तेव्हा माझ्या हुशारीवर तिचा विश्वास बसला.

मग कवेलूची बुकणी सुरू झाली. छपरावरच्या फुटक्या कवेलूचा तुकडा पाट्यावर वाटून लाल पीठ करायचं आणि आई स्वतः बोटाने माझे दात घासायची, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. "निंघते का नाही पायतो," म्हणायची. तोंडात रक्त कुठलं आणि कवेलू कुठलं ते समजायचं नाही. नंतर ती बोरिंगच्या धारेखाली चूळ भरायला लावायची आणि ते गार पाणी दातांना लागलं की कळ थेट कानात जायची. मी हुंदका दिला की म्हणायची, "लागते म्हंजे मळ निंघून राहिला."

मळ निघत नव्हता. हे मला आता, साठी जवळ आल्यावर कळलं. सुमीची मुलगी अर्चना दातांची डॉक्टर आहे, गोंदियात तिचा दवाखाना आहे. मी कधी कुणाला काही विचारत नाही, पण तिला विचारलं. ती म्हणाली, मोठीमाय, दाताला दोन थर असतात. वर इनॅमल, कठीण आणि चकाकणारं. आत डेंटिन, जरा पिवळट. दात हिरडीच्या आत असतानाच दोन प्रकारच्या पेशी ते दोन थर बांधतात. मला ते डोळ्यांसमोर येईना. मग तिने विचारलं, तुम्ही सारवता ते कसं सारवता? मी म्हटलं, मागे सरकत सरकत. समोर सारवायचं आणि आपण मागे जायचं, नाहीतर आपलेच पाय ओल्यात पडतात. ती म्हणाली, तसंच. दोन बाया एकाच रेघेवर समोरासमोर बसल्या आहेत असं समजा. आतली बाई आधी हात लावते, तिचा थोडासा थर पडला की बाहेरची सुरू करते. दोघी सारवत सारवत एकमेकींपासून दूर जातात. आतली माजघराकडे सरकते. ती जाताना आपल्या पदराचा एक लांब दोरा डेंटिनमध्येच सोडते, आणि जन्मभर माजघरात बसून राहते. कुठे झीज झाली तर आतून थोडं थोडं लिंपत राहते. बाहेरची बाई दाराकडे सरकते. तिचं काम एका हातात होत नाही. आधी ती ओलं, मऊ काहीतरी पसरवते, मग त्यातलं पाणी आणि मऊपणा काढून घेते आणि त्या जागी दगडासारखं कठीण भरते. ते झालं की दात बाहेर यायच्या वेळी ती संपून जाते. दाराबाहेर गेली ती गेली. परत येणारच नाही. म्हणून इनॅमल पुन्हा होत नाही.

"आणि मह्या दाताचं काय झालं मंग?" मी विचारलं.

"तुमच्या खडकाच्या पाण्यात फ्लोराइड होतं, फार जास्त. ते असलं की बाहेरच्या बाईला तो मऊपणा नीट काढून घेता येत नाही. भोकं राहतात. वरून पांढरं, खडूसारखं दिसतं. मग चहा, हळद, जे काही खाल ते त्या भोकांत जाऊन बसतं. दात हिरडीतून यायच्या आधीच बिघडलेला होता, मोठीमाय. घासून काय होणार? उलट आजीने कवेलूने होतं तेही झिजवलं. आतल्या बाईचे दोरे उघडे पडले. गार पाण्याची कळ जायची ना, ती त्याच दोऱ्यांवाटे."

कळ होती ती माजघरातल्या बाईची, हे पन्नास वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर मी आईला काय सांगितलं असतं कोण जाणे. बहुतेक काहीच नाही.

शाळेतही तेच. प्रार्थनेनंतर गुरुजी रांगेतून फिरायचे आणि नखं, दात बघायचे. माझ्यापाशी आले की थांबायचे. "घरी बोरिंग आहे ना तुझ्या? मग पाण्याची काय टंचाई आहे?" सगळे हसायचे. विहिरीचं गढूळ पाणी पिणारी, काडीला कधी हात न लावणारी पोरं दात काढून हसायची आणि त्यांचे दात शुभ्र. मला ते दिसत होतं. त्यातून काय समजायचं ते मला समजत नव्हतं आणि गुरुजींनाही नाही. ते मला घरी पाठवायचे, दात घासून ये म्हणून. मी घरी येऊन बोरिंगच्या पाण्याने पुन्हा घासायचे, वर दोन ओंजळी पिऊन परत जायचे. गावात चौथीपर्यंतच शाळा होती. पाचवीला शेजारच्या गावी जायचं होतं. आई म्हणाली जा, बाबा म्हणाले जा. मी गेले नाही. नवीन गुरुजी, नवीन रांग, पुन्हा पहिल्यापासून तोंड उघडून दाखवायचं, ते मला नको होतं. सगळ्यांना वाटलं पोरीला शिकायचा कंटाळा आहे. मला गणित आवडायचं.

मग सुमीचे दात पडायला लागले. तिचे नवीन दात आले ते खडूसारखे. मी ओळखलं. ते रंग धरेपर्यंत मी थांबले, कारण पांढरे असताना दाखवून उपयोग नव्हता. रोज सकाळी दगडावर बसल्या बसल्या मी तिच्या तोंडाकडे बघायचे. वाईट वाटायचं, आणि आता आपण सुटणार असंही वाटायचं. सुमीने कधी गुडाखूची डबी हातात धरली नव्हती. ती आईच्या डोळ्यांपुढून हलत नसे. तिचे दात माझ्यासारखे झाले तर आईला मान्य करावंच लागेल की माझा काही दोष नाही. एवढं मी मनात पक्कं बांधलं होतं.

त्या दिवशी आई ओसरीवर सुपात डाळ पाखडत होती. शेवंताकाकी खांबाला टेकून बसली होती. मी सुमीला हाताला धरून आणलं आणि आईपुढे उभं केलं. आपण होऊन आईपुढे बोलायला मी बहुतेक पहिल्यांदाच उभी राहिले असेन.

"माय, पाय तं," मी म्हणाले. "सुमे, आ कर."

सुमीने आ केला.

"हिचेबी तसेच आले. पट्टा पाय. हे तं गुडाखू घासत नाही ना?"

आईने सूप खाली ठेवलं. सुमीची हनुवटी धरून तिने वर केली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता ती माझ्याकडे बघेल, असं वाटत होतं.

"कवापासून व सुमे?"

"मले का माहीत? आरशात कोन पायते," सुमी म्हणाली आणि आ बंद केला.

शेवंताकाकीने बोटावरचा गुडाखू पुसला. "एकाच गडव्यानं पेतेत दोघी," ती म्हणाली. "मोठीचं उष्टं लहानीच्या तोंडात. टोपल्यात एक आंबा सडला का सगळे सडतेत, बाई. मले का, म्या तं बोलून राहिली."

आईचा चेहरा बदलला. मला वाटलं ती शेवंताकाकीवर चिडली. पण ती माझ्याकडे वळली.

"तूच लावलं तिले."

"म्या काय लावलं?"

"तुह्या तोंडातलं. तुले तं झालंच, आता तिलेबी केलं."

मी म्हणाले, "माय, पर म्या—" आणि पुढचं आलंच नाही. जे पक्कं बांधून आणलं होतं ते सगळं तोंडाशी येऊन थांबलं. सुमीचे दात माझी साक्ष होती. ती साक्ष आईने उचलली आणि माझ्याच अंगावर टाकली. संध्याकाळी बाबा शेतातून आले, बोरिंगवर पाय धूत होते. आईने सांगितलं. बाबांनी आधी दोन्ही पाय धुऊन घेतले. ते शांत माणूस होते, म्हणूनच त्यांचा शब्द फिरत नसे.

"हिचा गडवा वेगळा करा," ते म्हणाले. "आन् बोरिंगच्या तोंडाले तोंड लावून पेते हे, ते बंद. घरचं पानी चांगलं राहू द्या. हे विहिरीचं पेईन."

अशा रीतीने बोरिंगच्या घरातली पोरगी विहिरीवर गेली. मला दोर ओढायची सवय नव्हती, तळहात सोलले. बायका विचारायच्या, "काऊन व लिले, बोरिंग बिघडली का?" मी मान हलवायचे, हो की नाही ते त्यांनी ठरवायचं. माझा पितळेचा गडवा ओसरीच्या कोपऱ्यात, त्यावर उपडी वाटी. आणि सुमीला त्याच दिवसापासून बोरिंगचं पाणी जास्त. आई ते उकळून, आटवून, थंड करून तिला तांब्या तांब्या पाजायची, आतून साफ व्हावं म्हणून. सुमी नको म्हणाली की नाक दाबून पाजायची. अर्चनाला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, आटवल्याने ते फ्लोराइड आणखी वाढतं. सुमीच्या पुढच्या दातांचं काम तर तेव्हा संपलंच होतं, मागच्या दाढा अजून आत बनत होत्या, त्याही गेल्या. अर्चना जे रागाने बोलत होती ते ऐकून मला बरं वाटलं. या गोष्टीवर माझ्याशिवाय कुणी चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

सुमीला मात्र माझ्या गडव्यातलंच पाणी आवडायचं. आई गोठ्यात गेली की वाटी उचलून घटाघटा प्यायची आणि तोंड पुसून म्हणायची, "तुह्या पान्याले चव हाय." दोनदा सापडली. दोन्ही वेळा मार मी खाल्ला.

पुढे मी मोठी झाले, लग्न होऊन दरेकशाकडच्या एका गावी गेले. माझ्या दातांवरून नवऱ्याने कधी शब्द काढला नाही. त्यांना कशावरूनच शब्द काढायची सवय नव्हती. हसताना तोंडावर पदर घ्यायची माझी सवय मात्र आजही जात नाही. एकट्याने हसू आलं तरी हात वर जातो. मी सासरी असतानाच कधीतरी पाणी तपासणारे लोक आमच्या माहेरच्या बोरिंगवर लाल पट्टा मारून गेले आणि पिऊ नका म्हणाले. का ते बाबांनी विचारलं नाही. आई म्हणाली, "एवढ्या वर्षांनी पान्याले काय झालं? बैलं तं पेतेत." ते पाणी बैलांसाठी राहिलं. माझ्या दातांशी त्या लाल पट्ट्याचा संबंध कुणी जोडला नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात माझा गाल सुजला. खालची अगदी शेवटची दाढ, अक्कलदाढ म्हणतात ती. अर्चनाने ती काढली, धुतली, आणि दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिली. मग मला आरशासारखं जवळ आणून दाखवलं. दाढेचा वरचा भाग तपकिरी, खड्ड्याखड्ड्यांचा. आणि मध्येच एक आडवी रेघ, तिच्या खाली, हिरडीच्या बाजूला, पांढरं, गुळगुळीत, चमकणारं. असं पांढरं माझ्या तोंडात होतं हे मला माहीतच नव्हतं.

"दात वरून खाली बनत जातो," अर्चना म्हणाली. "ही दाढ आत बनत असताना अर्ध्यात तुमचं पाणी बदललं. रेघेच्या वर बोरिंग, रेघेच्या खाली विहीर. ज्या दिवशी आजोबांनी गडवा वेगळा केला ना, तो दिवस इथे आहे."

मी ती दाढ कापसात गुंडाळून पदराला बांधली. आई आता सुमीकडेच असते, दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. नव्वदीला आली आहे, तोंडात एक दात नाही. डोळ्यांनी अंधुक दिसतं. सुमीच्या दातांवर अर्चनाने पांढरी कवचं बसवली आहेत आणि आई येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते, पाहा, सुमीनं नेमानं घासले तं कसे निंघाले. मी तिच्या खाटेवर बसले. गाल कापसाने भरलेला, तरी बोलायला लागले. अर्चनाने जे सांगितलं ते सगळं, बोरिंग, फ्लोराइड, दोन बाया, दाराबाहेर गेलेली बाई. आयुष्यात आईशी इतकं सलग मी कधी बोलले नव्हते. मग दाढ तिच्या तळहातावर ठेवली.

आईने ती अंगठ्याने चाचपली. वरून, मग खालून. पुन्हा वरून.

"खालून गुळगुळीत हाय," ती म्हणाली.

"हो, माय. विहिरीच्या पान्यानं."

"वरून घासली नाही तू."

सुमी दारात उभी होती, ती फिस्सकन हसली. मला हसू आलं नाही. मी दाढ परत घेतली. घसा कोरडा पडला होता, जबडा दुखत होता, मी सुमीकडे पाणी मागितलं. आईने मान वळवली आणि पूर्वीच्याच आवाजात म्हणाली, "तिले वेगळ्या गडव्यानं दे, सुमे."

सुमी आत गेली. पाण्याचा पेला भरून आणला, आईसमोर उभी राहिली आणि आधी स्वतः दोन घोट प्याली. उरलेला माझ्या हातात दिला. मी प्याले, मग तिने तो माझ्या हातातून परत घेतला आणि तळाचं पाणीही पिऊन टाकलं.

आईला तेवढं दिसलं. "लागन व तुले," ती म्हणाली.

"लागू दे, माय," सुमी म्हणाली. "आता कवच हाय."